दोनशे चौदा कोटींची ओळख

गणिताच्या शिक्षकांना आकडे पाठ असतात, असा आपला एक समज असतो. रेहाना मॅडमना स्वतःचा मोबाइल नंबर पाठ नव्हता. गॅसच्या दुकानात, पोस्टात, कुठंही नंबर विचारला की त्या मागं वळून माझ्याकडं बघायच्या. "शोभाताई, माझा नंबर सांगा बरं याले." मी सांगायची. दुकानदाराला गंमत वाटायची. "मॅडम, तुम्ही गणिताच्या ना?" तो विचारायचा.

"हाव. म्हणूनच," त्या म्हणायच्या. "तो नंबर आहे बाबा, संख्या नाही. नंबर म्हणजे नाव. तुझ्या नंबरात माझा नंबर मिळवला तर काय येते सांग? काहीच नाही येत. मग काऊन पाठ करू?"

जळगाव जामोदच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात त्या गणित शिकवायच्या आणि मी मराठी. आम्ही दोघी एकाच आठवड्यात रुजू झालो. त्यांना अकरावी-बारावीचे वर्ग मिळाले, मलाही तेच. स्टाफरूममध्ये एकमेकींच्या शेजारच्या खुर्च्या मिळाल्या, त्या शेवटपर्यंत बदलल्या नाहीत. मॅडम उंच होत्या, आणि उंच बायका पुष्कळदा चालतात तशा जरा वाकून चालायच्या. अंगावर सुती सलवार-कमीज, डोक्यावरून घेतलेली ओढणी. ओढणीच्या उजव्या टोकाला नेहमी खडूचा पांढरा डाग असायचा, कारण डस्टर सापडलं नाही की त्या ओढणीनंच फळा पुसत. पर्समध्ये खारे फुटाणे. तास संपवून आल्या की मूठभर माझ्या टेबलावर ठेवायच्या आणि स्वतः मूठभर घेऊन खिडकीशी उभ्या राहायच्या. त्या वेळी त्यांच्याशी बोलायचं नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

त्यांची एक सवय वर्गभर पसरली होती. फळ्यावर लांबलचक भागाकार मांडला की पहिला अंक लिहिण्याआधी त्या हळूच "बिस्मिल्ला" म्हणायच्या. मुद्दाम नव्हे, लहानपणी घरात जेवायला बसताना, पुस्तक उघडताना म्हणायची सवय होती, ती भागाकाराला येऊन चिकटली. काही महिन्यांत सगळी पोरं वहीत भागाकार मांडताना "बिस्मिल्ला" पुटपुटायला लागली. वानखडे, इंगळे, राठोड, सगळीच. एका पालकाच्या कानावर ते गेलं आणि ते प्राचार्यांकडं आले. प्राचार्यांनी मॅडमना बोलावलं. मीही काही कामाने तिथं होते.

"मॅडम, हे काय ऐकतो मी?"

मॅडमना आधी कळलंच नाही. कळल्यावर त्या खरोखर ओशाळल्या. "मी त्याईले कधी म्हणा म्हटलं नाही सर. माझ्या तोंडून निघून जाते." मग त्या पालकाकडं वळून म्हणाल्या, "भाऊ, पोराले सांगा, गणपतीचं नाव घेत जाय. भागाकार तोच येते."

तो पालक हसला. त्याचा पोरगा गणितात पहिल्यांदाच पास झाला होता, हे नंतर कळलं. प्रकरण तिथंच मिटलं, पण मॅडमनी त्या दिवसापासून वर्गात ओठ घट्ट मिटून भागाकार करायला सुरुवात केली. पोरांचं मात्र सुटलं नाही.

मूळ संख्या हा त्यांचा आवडता विषय. ज्या संख्येला एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानंच भाग जात नाही, ती मूळ संख्या, एवढं आपण सगळेच शाळेत शिकतो आणि विसरतो. मॅडम तिथं थांबायच्या नाहीत. दरवर्षी अकरावीच्या नव्या वर्गात त्या एक खेळ करायच्या, दोनाचे फक्त मूळ घात घेऊन. दोनाचा दुसरा घात चार. त्यातून एक वजा केला की तीन. मूळ. दोनाचा तिसरा घात आठ. एक वजा, सात. मूळ. पाचवा घात बत्तीस. एक वजा, एकतीस. मूळ. सातव्या घाताचे एकशे सत्तावीस, तेही मूळ. "आता अकरावा घात," त्या म्हणायच्या आणि फळ्यावर २०४७ लिहायच्या. "सांगा, ही कशी?"

"मूळऽऽ!" वर्ग ओरडायचा.

त्या हात झटकून निघून जायच्या. दुसऱ्या दिवशी कुणीतरी एखादी मुलगी, कधी एखादा मुलगा, घाईघाईनं येऊन सांगायचा, मॅडम, जाते भाग! तेवीस गुणिले एकोणनव्वद! मग मॅडमचा चेहरा असा फुलायचा की जणू ते त्यांना आत्ताच कळलं. "चार साक्षीदार खरं बोलले म्हणून पाचवा खरंच बोलेल असं नसते," त्या सांगायच्या. "प्रत्येकाले वेगळं विचारा लागते."

आणि मग, बक्षीस दिल्यासारखी, त्या एक मोठी संख्या लिहायच्या. २१४७४८३६४७. दोनाचा एकतिसावा घात, वजा एक. दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. ही मूळ आहे, हे दूरदेशीच्या एका म्हाताऱ्या गणितज्ञानं नजर गेलेली असताना दाखवून दिलं, आणि पुढं कित्येक वर्षं माणसाला ठाऊक असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या हीच होती. मी शेजारच्या वर्गात कविता शिकवत असले की भिंतीपलीकडून हे सगळं ऐकू यायचं. आकडा मला कधी नीट पाठ झाला नाही, पण त्या तो उच्चारायच्या तेव्हा आवाज कसा बदलायचा, हे मला अजून आठवतं. माहेरचं माणूस दारात दिसल्यावर होतो तसा.

मॅडमनी लग्न केलं नव्हतं. का, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. एकदा गॅदरिंगला पाहुणे म्हणून आलेल्या एका गृहस्थांनी भाषणात त्यांचं कौतुक करताना म्हटलं, "आपल्या रेहाना मॅडम स्वतःच एका मूळ संख्येसारख्या आहेत. एकट्या, अविभाज्य!" टाळ्या पडल्या. मॅडम आभार मानायला उठल्या आणि नेहमीच्या शांत आवाजात म्हणाल्या, "पाहुण्यांनी चांगलं म्हटलं, पण गणित थोडं चुकलं. मूळ संख्या एकटी नसते. बाकीच्या सगळ्या संख्या तिच्याच गुणाकारानं बनतात. आता साताचं पाहा. त्याले चारनं गुणा, अठ्ठावीस. अठ्ठावीसले कशाकशानं भाग जाते? एक, दोन, चार, सात, चौदा. या सगळ्यायची बेरीज करा, परत अठ्ठावीस. एवढी भरलेली संख्या एकट्यातून निघते का?" मग "आभारी आहे," म्हणून बसल्या. पाहुणे शेवटपर्यंत बोटांवर बेरीज करत होते.

ज्या गोष्टीसाठी मला हे लिहावंसं वाटलं, ती मात्र पुढची.

बुलढाण्याला एका खाजगी संस्थेनं दहावी झालेल्या मुलींसाठी राहण्या-जेवणासकट दोन वर्षांच्या शिकवणीची सोय सुरू केली होती. परीक्षा घेऊन मुली निवडायच्या. त्या वर्षी आमच्या कॉलेजला जोडलेल्या हायस्कुलातल्या दहा-बारा मुली निवडल्या गेल्या, बऱ्याचशा सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतल्या. सगळी माहिती संस्थेच्या वेबसाइटवर भरायचं काम नीलेश सरांकडं होतं. ते आमचे कंत्राटी कॉम्प्युटर शिक्षक. नुकतंच बाळ झालेलं, दरवर्षी जूनमध्ये नोकरी राहते की जाते या धास्तीत असलेले. कागदपत्रं घेऊन कधी हजर व्हायचं, ते मुलींना मोबाइलवर कळणार होतं.

एका दुपारी संस्थेतून प्राचार्यांना फोन आला. तुमच्या एकाही मुलीचा पत्ता नाही. परवा शेवटचा दिवस, नंतर जागा प्रतीक्षा यादीतल्यांना जातील. आणि तुम्ही सगळ्या मुलींपुढं एकच मोबाइल नंबर कसा भरलात? तो लागतही नाही.

प्राचार्यांनी नीलेशना बोलावलं. दार उघडंच होतं, त्यामुळं आवाज स्टाफरूमपर्यंत येत होता.

"आळस! दुसरं काय? एक खोटा नंबर टाकला अन् खालपर्यंत ओढून दिला! पोरींच्या आयुष्याशी खेळ आहे हा!"

"सर, देवाशपथ, मी एकेक नंबर पाहून टाकला."

"मग हे काय आहे? हे काय आहे? तुमचं आजच संपलं असं समजा."

मॅडम खडू घ्यायला तिथं गेल्या होत्या. नीलेशचा चेहरा बघून त्या थांबल्या. प्राचार्यांनी तावातावानं कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडं फिरवला. "बघा मॅडम, तुम्हीच बघा!"

मी दारापाशी पोचले तेव्हा मॅडम पडद्याकडं वाकून बघत होत्या. मुलींची नावं एकाखाली एक, आणि प्रत्येकीपुढं तोच आकडा. २१४७४८३६४७.

आणि मॅडम हसल्या. आम्ही सगळे दचकलो. हसायची वेळ नव्हती ती. "अगं माय!" त्या म्हणाल्या. "ही इथं कशी आली?"

"कोण?" प्राचार्यांनी विचारलं.

"सर, हा कोणाचा नंबर नाही. ही मूळ संख्या आहे. मी ओळखते हिले."

प्राचार्य खुर्चीत बसले. मॅडमनी मग त्यांना समजावलं, वर्गात समजावायच्या तसंच. कॉम्प्युटर सगळं शून्य आणि एक, या दोनच खुणांत लिहितो. आकडा ठेवायला त्याच्याकडं एक ठरावीक माप असतं. त्या मापातली झाडून सगळी घरं एक-एकनं भरली की बरोबर हीच संख्या होते. याच्या वर त्यात मावत नाही. "पायलीत पायलीभरच ज्वारी मावते ना सर? वरून पोतं ओता, नाही तर पुरी गाडी ओता. बाकीची खाली सांडते अन् पायली तेवढीच दिसते. आपले मोबाइल नंबर सहा, सात, आठ, नाही तर नऊनं सुरू होतात. सगळेच या मापाच्या वर. ज्यानं हे माप ठेवलं त्याची चूक आहे. नीलेशनं बरोबरच भरलं."

प्राचार्यांचा विश्वास बसेना. "करून पाहा," मॅडम म्हणाल्या. नीलेशनी एका मुलीपुढं एक बारका आकडा टाकला आणि जतन केला. तो तसाच राहिला. "आता पुरा मोबाइल नंबर टाका. माझा टा..." आणि त्या माझ्याकडं वळल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "नको. सरांचा टाका."

प्राचार्यांचा नंबर टाकला. बटण दाबलं. पडद्यावर दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख उभे राहिले.

"माझा पण!" प्राचार्य ओरडले.

त्यांनी नीलेशची माफी मागितली, असं म्हणता येणार नाही. पण त्यांच्यासाठी चहा मागवला, आणि संस्थेला फोन करून चांगलं खडसावलं. संस्थेनं चूक मान्य केली; तारीख मात्र बदलणार नाही म्हणाली. नीलेश खाली मान घालून चहा पीत होते. मॅडम पुन्हा पडद्याकडं बघत होत्या, पण आता हसत नव्हत्या. "यादीचं नंतर पाहू," त्या म्हणाल्या. "पोरी घरी वाट पाहून राह्यल्या. त्याईले कोण सांगते?"

मुलींचे घरचे नंबर त्यांच्या कागदी अर्जांवर होते. त्यांना फोन लावले. गावातल्यांचे लागले, पायथ्याच्या गावांतले लागेनात. मग जायचं ठरलं. कोणी कुठं जायचं ते मॅडमनीच वाटून दिलं. माझी स्कूटी, मागं मॅडम, आणि नीलेश त्यांच्या मोटारसायकलवर दुसऱ्या दिशेला. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एकेक घर गाठत गेलो. कुठं मुलगी सोयाबीनच्या वावरात होती, कुठं विहिरीवर. एका घरी आजी आम्हाला आत घेईना; तिला वाटलं आम्ही पोरीला मागणी घालायला आलो. मॅडम प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य म्हणायच्या, "लगेच बुलढाण्याले जायाचं आहे, सगळे कागद घेजो, अन् पोटभर खाऊन निघजो." स्कूटीवर मागं बसून एकदाच म्हणाल्या, "ताई, जरा जोरात घ्या."

सगळ्यात शेवटचं घर सपनाचं. डोंगराला अगदी लागून असलेला पाडा. तिचे वडील, गुमानभाऊ, अंगणात बैलाचा खुर बघत बसले होते.

"सपना? थे तं मायसंगं मामाच्या घरी गेली. लग्न हाय तिकडं. बऱ्हाणपूरच्या पल्याड."

"कधी येईल?"

"येईन दोन-तीन रोजात."

"तिकडं फोन?"

गुमानभाऊंनी डोंगराकडं बोट दाखवलं आणि हसले. त्या डोंगरामागं फोन लागत नाही, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

मॅडम अंगणातल्या खाटेवर बसल्या. पाणी प्याल्या. जायला गाडी आहे का, रस्ता कसा आहे, सगळं विचारलं. कुठल्याच वाटेनं वेळेत पोचणं होणार नव्हतं. परत येताना वाटेत त्यांनी मला स्कूटी थांबवायला लावली, रस्त्याच्या कडेला उतरल्या आणि ओढणीनं तोंड पुसत जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या.

बाकी सगळ्या मुली पोचल्या. सपना तेवढी राहिली.

मॅडम मग एकट्याच बुलढाण्याला गेल्या. नांदुरा, मोताळा, राजूरचा घाट असा अर्ध्या दिवसाचा एसटीचा प्रवास. संस्थेच्या साहेबांपुढं बसून त्यांनी पायली, मूळ संख्या, सगळं सांगितलं. साहेब भले होते. त्यांनी ऐकून घेतलं. "मॅडम, चूक आमचीच. पण जागा दुसऱ्या मुलीला दिली. ती काल सामान घेऊन आली. तिला आता परत पाठवू का?"

हे मला सांगताना मॅडम म्हणाल्या, "मी काय म्हणणार ताई? तिची पण पेटी मी पाहिली. नवी होती. तिच्या बापानं पेंटरकडून नाव लिहून आणलं होतं."

त्या आठवड्यात त्या पुन्हा पाड्यावर गेल्या. या वेळी मी सोबत नव्हते. परत आल्या त्या सपनाला घेऊनच. बाजारओळीमागच्या त्यांच्या दोन खोल्यांपैकी एका खोलीत सपनाची खाट पडली आणि आमच्या कॉलेजात तिचं अकरावी सायन्सला नाव लागलं.

गाव आहे म्हटल्यावर बोलणं आलंच. मुसलमान बाईच्या घरी आदिवासी पोरगी कशाला? कुणी मॅडमच्या हेतूवर बोललं, कुणी पोरीच्या. मॅडमच्या मोहल्ल्यातही काही जणांना ते रुचलं नव्हतं. परक्याच्या पोरीची जोखीम कशाला, असं त्यांच्या नात्यातल्याच एका बाईनं तोंडावर विचारलं. प्राचार्यांनी एकदा गुमानभाऊंनाच बोलावून विचारलं. गुमानभाऊ बाजाराच्या दिवशी आले होते, खांद्यावर भुट्ट्यांची थैली.

"पोरगी शिकून राह्यली," ते म्हणाले. "दुसरं काय होऊन राह्यलं? तुमाले माहीत असन तं सांगा."

प्राचार्यांना काही माहीत नव्हतं. गुमानभाऊंनी अर्धे भुट्टे त्यांच्या टेबलावर ठेवले आणि उरलेले घेऊन मॅडमकडं जेवायला गेले. पुढं दर बाजाराला ते तिथंच जेवायचे.

सपना फारशी बोलायची नाही. एकदा जेवताना तिनं मॅडमना विचारलं, "मॅडम, माह्या नावापुढं जो आकडा आल्ता, थो खरंच मूळ हाय का? का तुमी म्हणता म्हणून?"

हा प्रश्न विचारल्याबद्दल मॅडमनी माझ्या घरी येऊन पेढे दिले. खोटं नाही सांगत.

त्या दिवाळीच्या सुटीत दोघींनी ते काम काढलं. कॉलेजातला एक जुना फळा मॅडमच्या मागच्या पडवीत टेकवून ठेवला होता. संध्याकाळी मी जायची तेव्हा सपना फळ्यापुढं आणि मॅडम खाली चटईवर फुटाणे घेऊन. मला त्यांनी समजावलं, आणि मला ते समजलं, म्हणून इथं सांगायचं धाडस करते. एवढ्या मोठ्या संख्येला भाग जातो की नाही हे बघायचं तर सेहेचाळीस हजारांच्या थोडं पुढपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायला हवं. तेवढ्यापर्यंत कुणी सापडला नाही, तर पुढं कुणी सापडत नाही. पण त्या हजारो संख्यांना बोलवायची गरज नसते. हिला भागू शकणाऱ्या मूळ संख्येला बासष्टनं भागलं तर एकच उरला पाहिजे, आणि आठानं भागलं तर एक किंवा सात. एवढ्या दोन अटी लावल्या की सगळी गर्दी ओसरते, ऐंशी-पंच्याऐंशी उरतात. या अटी का, तेही मॅडमनी सपनाला सिद्ध करून दाखवलं होतं. ते मात्र मला कळलं नाही.

पहिली संख्या तीनशे अकरा. सपनानं हळूच "बिस्मिल्ला" म्हटलं. मॅडमनी नजर वर केली आणि एक फुटाणा तोंडात टाकला. बाकी उरली पस्तीस. भाग जात नव्हता.

अशी एकेक. कॅल्क्युलेटर घरात होता, पण सपनानं घेतला नाही. कधी ती चुकायची, सगळं पुसून पुन्हा मांडायची. शेजारच्या बायका डोकावून जायच्या. एकीनं मला विचारलं, "काय निघते यातून?" मी म्हटलं, "अजून काही निघालं नाही, हेच चांगलं आहे म्हणतात."

भाऊबीज झाली, फराळाचे डबे रिकामे झाले, आणि एका संध्याकाळी शेवटचा भागाकार झाला. बाकी उरली. सपना खडू हातात धरून उभी राहिली.

"आता?"

"आता काही नाही," मॅडम म्हणाल्या. "पक्कं झालं. आता तुले माहीत आहे. मी म्हणते म्हणून नाही."

सपनानं खडू खाली ठेवला. मग म्हणाली, "मॅडम, मले भूक लागली."

बारावीनंतर ती गणिताकडं जाईल असं मला वाटलं होतं. तिनं नर्सिंग घेतलं. मला जरा वाईट वाटलं, मॅडमना अजिबात नाही. "गणितच करावं असं कुठी आहे? औषध बरोबर मोजून देईल. अन् कोणी म्हणते म्हणून नाही देणार, स्वतः पाहून देईल." आता सपना आमच्याच तालुक्यात सरकारी दवाखान्यात आहे. तिच्या धाकट्या दोघी बहिणीही शिकल्या. नीलेश सर कायम झाले नाहीत; त्यांनी पुढं स्वतःचं दुकान टाकलं आणि ते बरं चाललं आहे.

मॅडम निवृत्त झाल्यावर पिंपळगाव राजाला भावाकडं राहायला गेल्या. फोनवर बोलणं व्हायचं. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. झोपेत, कुणाला त्रास न देता. सपना त्या वेळी तिथं पोचली, मी आजारी असल्यामुळं पोचू शकले नाही. माझी आणि त्यांची शेवटची भेट त्याच्या बरीच आधीची, आमच्या गावच्या बसस्टँडवरची.

त्या भावासोबत हजला जाणार होत्या. निघण्याआधी ओळखीच्या प्रत्येकाला भेटायचं, कळत-नकळत बोललं-चुकलं असेल त्याची माफी मागायची, अशी त्यांच्यात रीत असते. म्हणून त्या दिवसभरासाठी आमच्या जळगाव जामोदला आल्या होत्या आणि सकाळपासून घरोघर फिरत होत्या. माझ्याकडं येऊन म्हणाल्या, "शोभाताई, काही कमी-जास्त बोलली असेन तर माफ करा." मी म्हटलं, "तुम्ही बोलायच्याच कुठं?" प्राचार्यांकडं गेल्या, "बिस्मिल्ला"ची तक्रार घेऊन आलेल्या त्या पालकाकडंही गेल्या. गुमानभाऊंसाठी पाड्यावरसुद्धा जाऊन आल्या.

संध्याकाळी सपना दवाखान्यातून तशीच, पांढऱ्या कपड्यांत, स्टँडवर आली. नांदुऱ्याची एसटी लागली होती. मॅडमनी तिचा हात हातात घेतला.

"सपना, सगळ्यायले माफी मागून झाली. तुझी राह्यली. त्या वेळी मी तुले गाठू शकली नाही. तुझी जागा गेली. तेवढं मनात ठेवू नको."

सपनाला आधी ते कळलंच नाही. कळल्यावर तिचे डोळे भरून आले आणि ती हसायला लागली.

"मॅडम, त्या दिवशी मी मामाच्या इथं जिलबी खाऊन राह्यली होती. गरम गरम. एवढी जिलबी मी जलमात खाल्ली नव्हती. मले त्या दिवसाचं कायचंच वाईट नाही वाटत."

मॅडम म्हणाल्या, "जिलबी?"

"हाव ना. नवरदेवाकडच्यायनं आचारी आणला होता."

मग मॅडम अशा हसल्या की कंडक्टर वळून बघायला लागला. त्यांनी डोळे पुसले, माझ्या पाठीवर हात ठेवला, सपनाच्या गालावर ठेवला, आणि गाडीत चढल्या. खिडकीची काच अडकली होती. दोन्ही हातांनी जोर लावून त्यांनी ती चार बोटं सरकवली, तेवढ्यात गाडी सुरू झाली. काचेच्या फटीतून त्यांचा हात बाहेर आला. त्या तो हलवत नव्हत्या. नुसता वाऱ्यावर धरला होता, आणि गाडी वळेपर्यंत तो तसाच होता.